ताडपत्रीखालचं कडवळ

हैदराबाद
२६ जुलै १९९८

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. माय विचारते, पोरगी अजून किती वर्षं शिकणार, आणि पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं. पाहुण्यांना सांग, ज्वारीवर काम करते. एवढं त्यांना पुरेल. तुला मात्र नीट सांगते, कारण तू खरंच विचारलंयस.

आपण युरिया टाकतो, शेणखत टाकतो. मातीत त्याचं नायट्रेट होतं आणि मुळांवाटे ते झाडात चढतं. पानात एक प्रथिन आहे, ते या नायट्रेटला कामाला लावतं. ऊन असेपर्यंत ते राबतं, अंधार पडला की थांबतं. कसं थांबतं, हे माझं काम. परदेशात पालकाच्या पानावर लोकांनी हे शोधलंय. अंधारात त्या प्रथिनाच्या अंगावर एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवलं जातं, तेच फॉस्फेट जे डीएपी खताच्या पोत्यावर लिहिलेलं असतं. नुसतं चिकटल्यानं ते थांबत नाही. फॉस्फेट लागलं की दुसऱ्या एका प्रथिनाला ते ओळखू येतं, ते येऊन त्याला घट्ट धरतं, आणि मग काम बंद पडतं. ऊन आलं की फॉस्फेट निघतं आणि धरणारं सोडून देतं.

आपल्या ज्वारीत असंच होतं का, ते मला दाखवायचंय. आणि ते दिसत नाही. अंधारात ठेवलेल्या रोपांतून मी ते प्रथिन काढते, त्याच्यावर फॉस्फेट लागलेलं मला दिसतं, तरी नळीत ते भर उन्हात असल्यासारखं चालत राहतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ऑक्टोबरात काम तपासायला समिती बसेल, तोवर काही हाती लागलं नाही तर विषय बदल. मी हो म्हणाले नाही. विषय मी बदलणार नाही, दादा. ते थांबतं, एवढं मला ठाऊक आहे. माझ्या हातून कुठं काय सुटतंय ते मी शोधून काढीन.

तू पाठवलेलं घरचं बी छान उगवलंय. मायला आणि वहिनींना नमस्कार.

तुझी,
मथुरा

---

वडीगोद्री
१४ ऑगस्ट १९९८

चि. मथुरास भुजंगचा आशीर्वाद.

वाईट बातमी कळवून राह्यलो. आपला हौशा बैल आणि काळी गाय दोन्ही गेले.

मंगळवारी अंगारकी व्हती. मायची लई दिवसांची इच्छा म्हणून आम्ही समदे पहाटेच राजूरच्या गणपतीला गेल्तो. गड्याला वैरण घालायला सांगितलं व्हतं, पण त्याला ताप आला आणि तो सकाळीच घरी निघून गेला. दर्शनाला तोबा गर्दी. येताना गाडी भेटली न्हाई, जालन्याच्या स्टँडवर रात काढली. बुधवारी सकाळी वस्तीवर आलो तर दोघं गोठ्यात आडवे पडलेले, गव्हाणीत ज्वारीच्या हिरव्या कडवळाची थोटकं उरलेली. हौशाच्या जोडीचा पाखऱ्या तेवढा उभा व्हता, पण धापा टाकत व्हता. दुपारपर्यंत तो सावरला.

अंबडहून जनावराचे डॉक्टर आले. त्यांनी कापून पाह्यलं, बाटलीत काहीबाही भरून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, विषबाधा. मी विचारलं, किराळ लागली का? ते म्हणले, किराळीचं विष कवळ्या ज्वारीत असतं, हे कडवळ तर डोक्याएवढं झालंय, तपासणीचा कागद आल्याबिगर सांगता येत न्हाई. पण विषबाधा म्हणले ना? मंग विष कुणी तरी घातलंच असंल. आम्ही घरी न्हाई हे ज्याला ठाऊक व्हतं त्यानंच. त्याचं नाव मी पत्रात लिहीत न्हाई. मी बराबर बघून घेतो.

पोळा आठ दिवसांवर आलाय. हौशाची झूल मायनं धुऊन ठेवली व्हती. तिनं दोन दिवस अन्न घेतलं न्हाई.

तू काळजी करू नको, अभ्यास कर.

तुझा दादा,
भुजंग

---

हैदराबाद
१९ ऑगस्ट १९९८

प्रिय दादा,

पत्र पोचलं. हौशाच्या पाठीवर बसून मी शाळेला गेलेय. मायला समजाव, तिला जेवायला लाव.

आता मी विचारते त्याचं उत्तर लगेच पाठव, रागावू नकोस. जनावरं कापली तेव्हा रक्त कसल्या रंगाचं होतं? किराळ लागलेल्या जनावराचं रक्त लालभडक असतं. दुसऱ्या एका विषानं ते तपकिरी होतं. ते विष कुणाला आणावं लागत नाही, ते कडवळातच साठतं. पाऊस उघडला होता का? त्या आठवड्यात आभाळ होतं का? कडवळ कुठल्या तुकड्यातलं होतं, आणि त्याला युरिया किती दिलास? जनावरं दिवसभर उपाशी होती का?

मागच्या पत्रात लिहिलं ते इथं लागू पडतंय असं मला वाटतं. ढगाळलेल्या दिवसांत पानातलं ते प्रथिन बऱ्याच अंशी बंद असतं, पण मूळ काही खत ओढायचं थांबत नाही. नायट्रेट धाटात साठत जातं, बुडख्याकडं सगळ्यात जास्त. उपाशी जनावरानं अशी वैरण भराभर खाल्ली तर त्याच्या रक्ताला श्वास धरवत नाही आणि काही तासांत ते जातं. माझा हा अंदाज आहे, दादा. पुराव्यावाचून मी याला खरं म्हणणार नाही. पण तूही तुझ्या अंदाजाला खरं म्हणू नकोस.

त्या तुकड्यातलं कडवळ जनावराला घालू नकोस. पुन्हा असं काही दिसलं तर डॉक्टरांना तपकिरी रक्ताचं सांग, त्यावर इंजेक्शन असतं.

तू कुणाचं नाव घेतलंस का? कुणाजवळ बोललास का? तेवढं मला कळव.

तुझी,
मथुरा

---

वडीगोद्री
२५ ऑगस्ट १९९८

मथुराताई यांस उषाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि चौकटीत खोचून ठेवलं. ते उत्तर देणार न्हाईत, म्हणून मी लिहून राह्यले. त्यांना सांगू नका.

यांनी कडूबाभावजींचं नाव घेतलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून उन्हाळ्यात भांडण झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तवापासून सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलत न्हाईत. आम्ही राजूरला गेलो त्या दिवशी सांजच्याला भावजींना आपल्या गोठ्यातून निघताना शेजारच्यांनी पाह्यलं. यांनी ठाण्यात कागद दिला. भावजींना ठाण्यावर नेलं, दिवसभर बाकड्यावर बसवलं आणि सोडलं. तिथं त्यांनी एकच सांगितलं, जनावरं उपाशी हंबरत व्हते म्हणून यांच्याच वावरातलं कडवळ कापून टाकलं. यांनी ते ऐकून घेतलं न्हाई.

पोळ्याला गावकऱ्यांनी भावजींचे बैल तोरणाखाली येऊ दिले न्हाईत. ते बैल सजवून आल्ते. वेशीपासून तसेच परत फिरले. माय घरात येऊन रडली.

आता तुम्ही विचारलं त्याचं. रक्त कातासारखं व्हतं, पानात खातात तो कात. मी सोता पाह्यलं. श्रावणात पाऊस उघडला आणि नुस्तं आभाळ दाटून राह्यलं, आठवडाभर ऊन पडलं न्हाई. कडवळ खालच्या अंगाच्या तुकड्यातलं, जिथं जुना उकिरडा व्हता. त्याला यांनी दोनदा युरिया टाकला. जनावरं सकाळपासून उपाशी व्हते.

मला भावजींचं खोटं वाटंना. पण माझ्या वाटण्यानं काय होतं?

उषाबाई

---

हैदराबाद
३० ऑगस्ट १९९८

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. कडूबादादाचं नाव तू घेतलंस हे माझ्या कानावर आलं. पोळ्याचंही आलं.

मी स्पष्ट लिहिते. त्यानं तुझ्या गोठ्यात विष नेलं नाही. त्यानं तुझ्या वावरातलं कडवळ तुझ्या उपाशी जनावरांना घातलं. त्याच्या जागी तू असतास तर तूही तेच केलं असतंस, आणि सकाळी तुझंच नाव ठाण्यात गेलं असतं. उकिरड्याची जागा, दोनदा युरिया, वर आठवडाभर आभाळ. याहून जास्त विष त्या तुकड्यात कुणी बाहेरून आणून टाकू शकलं नसतं.

मी यायचं म्हणते. दिवस मोडले तरी चालतील. इथली रोपं काढणीला आलीत, ती सोडून आले तर समितीपुढं दाखवायला माझ्याकडं काहीच उरणार नाही. पण तू असाच अडून बसणार असशील तर मी येईन.

मथुरा

---

वडीगोद्री
५ सप्टेंबर १९९८

चि. मथुरास,

तुला घरातून कोण लिहितं ते मला कळतं. त्यांना मी काही बोललो न्हाई.

तू येऊ नको. तुझं शास्त्र मी तपासून पाह्यलं. पोळ्यानंतर चांगलं ऊन पडून राह्यलंय. काल दुपारी त्याच तुकड्यातलं कडवळ तोडलं आणि पाखऱ्याला घातलं. सांजपर्यंत त्याच्यापाशी बसून राह्यलो. त्याला काही झालं न्हाई. आज सकाळी ताठ उभा राहून रवंथ करत व्हता. कडवळात विष असतं तर तो मेला असता. आता तूच सांग, हौशा कशानं मेला?

माझ्यावर हसायला लोकांना कारण देऊ नको. बहीण शहरातून आली आणि भाऊकीचा निवाडा करून गेली, असं व्हायला नको. तुझी रोपं सांभाळ.

भुजंग

---

हैदराबाद
११ सप्टेंबर १९९८

प्रिय दादा,

पाखऱ्या सुखरूप आहे हे वाचून आधी देवाला हात जोडले. असा खेळ पुन्हा करू नकोस.

तुझा प्रयोग चुकलेला नाही, फक्त तो उन्हातला आहे. पोळ्यानंतर ऊन पडलं ना? ऊन पडलं की पानातल्या त्या प्रथिनावरचं फॉस्फेट निघून जातं, धरून बसलेलं सोडून देतं आणि काम पुन्हा चालू होतं. इतक्या दिवसांच्या उन्हात साठलेलं बरंचसं नायट्रेट झाडानं वापरून टाकलं. शिवाय पाखऱ्या उपाशी नव्हता. सगळं या एकाच गोष्टीमुळं घडतं असं मी म्हणत नाही. पावसाचा ताण, जमिनीत जास्तीचं खत, हेही असतं. पण उजेड आणि अंधार यात मोठा फरक पडतो, आणि तो तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

मी येत नाही. आले तर तू म्हणशील, बहिणीनं काही तरी हातचलाखी केली. तू तुझ्या हातानं कर. त्या तुकड्याला एकदा पाणी दे. मग अर्ध्यावर कापूस झाकायची काळी ताडपत्री मेढी रोवून टाक, चारी बाजूंनी हवा खेळू दे, पण ऊन जाऊ देऊ नकोस. अर्धा उघडाच ठेव. आठवडाभर तसंच राहू दे. सोबत एका पुडीत पांढरी भुकटी पाठवली आहे. ती वडीगोद्रीच्या शाळेत अण्णासाहेब गुरुजींकडं दे. त्यांनीच मला विज्ञान शिकवलं, त्यांना मी वेगळं पत्र लिहिलंय. शाळेच्या प्रयोगशाळेत तेजाब आहे, त्यात ती भुकटी विरघळवून ते आणतील. तू बाटलीला हात लावू नकोस. धाट बुडाशी उभं चिरायचं, गुरुजी वर दोन थेंब टाकतील. नायट्रेट जास्त असेल तर गर्द निळं होतं. ज्याला बघायचंय त्याला बघू दे, आणि कडूबादादाला नक्की बोलव.

निळं झालं नाही तर मी चुकले, असं सगळ्यांसमोर म्हण. माझी हरकत नाही.

आता माझं. काल ते थांबलं. इतके महिने मी ते प्रथिन स्वच्छ करत होते, आणि स्वच्छ करताना त्याला येऊन धरणारं जे होतं तेच धुऊन मोरीत ओतून देत होते. फॉस्फेट तर जागेवर होतं, पण त्याला धरायला कुणी उरलेलंच नव्हतं. परवा टाकून द्यायचं पाणी राखून ठेवलं आणि काल ते परत मिसळलं. बघता बघता काम मंद झालं आणि जवळजवळ बंद पडलं. उजेडातल्या रोपांचं घेऊन केलं तर तेच पाणी मिसळूनही ते चालत राहिलं. मॅडमनी मला चार वेळा करायला लावलं. चारही वेळा तेच. विषय बदलायचं आता कुणी म्हणत नाही.

हे तुलाच आधी लिहितेय. बी तुझ्या वावरातलं आहे.

तुझी,
मथुरा

---

वडीगोद्री
८ ऑक्टोबर १९९८

चि. मथुरास भुजंगचा आशीर्वाद.

उशीर झाला. काय लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून झालं तसं लिहितो.

ताडपत्री टाकली ती तुला खोटं पाडायला टाकली, हे आधी सांगतो. शेजारचे इचारायचे, कडवळाला मांडव कशाला? आठवडा झाल्यावर गुरुजींना निरोप धाडला. ते स्कूटरवर आले, बाटली खोक्यात भुशात घालून आणली व्हती. त्यांनीच कडूबाला बोलावलं. तो आला, पण बांधावरच उभा राह्यला. गावचे पाचसातजण आल्ते. माय पण काठी टेकत आली.

उघड्यावरचं धाट मी सोता तोडलं, मधोमध चिरलं. गुरुजींनी थेंब टाकले. जरासं निळसर झालं, पुसट. मला वाटलं, जिंकलो. मंग ताडपत्रीखालचं तोडलं. थेंब पडला आणि मथे, शाईची दौत सांडावी तसं झालं. बुडख्यापासून वरपर्यंत निळं. मी म्हणलो, हे एकच धाट असं असंल. गुरुजी म्हणले, तुम्हीच निवडा. मी मधल्या सरीतलं काढलं, कडेचं काढलं, पार टोकाकडचं काढलं. समदे निळे. मंग मी तोडायचं थांबलो आणि सरीतच बसलो.

कडूबा बांध उतरून आला. चिरलेलं धाट हातात घेऊन त्यानं लई येळ पाह्यलं. म्हणला, "म्हणजे माझ्याच हातानं मेले ते."

मी म्हणलो, "तुझ्या हातानं न्हाई. दोनदा युरिया मी टाकला. उकिरड्याच्या जागंवर मी पेरलं."

"सकाळपासून हंबरत व्हते," तो म्हणला. "माझ्या वस्तीवर ऐकू येत व्हतं. तुझ्याशी बोलणं न्हाई, पण जनावराशी काय भांडण?"

त्याचं हे ऐकून माय त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो तसाच उभा राह्यला, मंग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन कागद मागं घेतला. तिथं लई बोलणे खाल्ले. मंग सांजच्याला मारुतीच्या पारावर लोक बसलेले असतात, तिथं उभं राहून सांगितलं, जनावरं माझ्या कडवळानं मेले, कडूबाचा काही गुन्हा न्हाई, मी चुकीचं नाव घेतलं. एवढं बोलायला मला जेवढं जड गेलं तेवढं हौशाला पुरताना पण गेलं नव्हतं. डॉक्टरांचा कागदही आला. त्यांनी फवारणीचं औषध तपासलं व्हतं, ते सापडलं न्हाई म्हणून लिहिलंय. मी त्यांना निळ्या धाटाचं सांगितलं. ते म्हणले, रक्त पाह्यलं तवाच मला शंका आल्ती, पण नुस्त्या शंकेवर लिहून देता येत न्हाई. तुझ्या गुरुजींना भेटायला ते शाळेत जाणार आहेत.

कडूबाच्या घरी दोनदा गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो मागच्या दारानं वावरात निघून जायचा.

आता खरं लिहायचं ते. रब्बीला चांगला पाऊस झाला. पेरणीजोगा वाफसा आला आणि माझ्या गोठ्यात एकटा पाखऱ्या. भाड्यानं जोडी कुठं भेटंना, समद्यांचीच पेरणी. दोन दिवस वावराकडं बघत बसलो. ऊन कडक, जमीन वाळत चाललेली. परवा सकाळी तोंड धुऊन राह्यलो तवा कडूबा आपली जोडी घेऊन आला. तेच बैल, जे वेशीवरून परत गेल्ते. शिंगांना पोळ्याचा रंग अजून तसाच.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं न्हाई. बैलांकडं बघतच म्हणला, "पोळ्याचं मी इसरणार न्हाई. हे तुला सांगून ठेवतो."

मी म्हणलो, "इसरू नको."

"वाफसा चालला," तो म्हणला. "तिफण काढ."

मी तिफण काढली. त्यानं बैल हाकले, मी चाड्यावर बियाची मूठ धरली. दिवसभर दोघांत एवढंच बोलणं, सरळ घे, थांब, बी संपलं. उषाबाईनं भाकरी आणली ती एकाच बांधावर बसून खाल्ली. दिवस मावळायच्या आत खालचा तुकडा पण पेरून झाला. तिथलं कडवळ आधीच कापून काढलं व्हतं, त्यात आता हरभरा टाकलाय, युरिया एक चिमूटही न्हाई.

समितीचं काय झालं ते कळव. माय म्हणते, तू काय शिकती ते पाहुण्यांना आता ती सोताच सांगती.

उद्या त्याच्या वावरात पेरणी आहे. तांबडं फुटायला मला तिथं असायचंय, म्हणून आवरतं घेतो.

तुझा दादा,
भुजंग